पातीले कोण होतं?

दसरा झाला की पऱ्हाटी बोलायला लागते. सकाळी वावरात गेलं की बोंड उकलताना बारीक तडतड ऐकू येते. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. हसा. माझे कान म्हातारे झाले आहेत, खोटे झालेले नाहीत. यंदा ती तडतड ऐकली आणि धुऱ्याच्या बांधावर उभा राहून मी मोठ्यानं म्हणालो, "फुटला वं कापूस." म्हणून झाल्यावर आठवलं की ऐकायला कोणी नाही. ती गेल्या पौषात गेली.

ती म्हणजे पार्वता, माझी बायको. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत, म्हणून मी तिला 'बुढी' म्हणायचो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत म्हणायला लागलो होतो. तेव्हा ती चिडायची. पुढं खरंच बुढी झाली तेव्हा चिडायची थांबली.

चौथीनंतर शाळेचा आणि माझा संबंध संपला. दुःख कसं लिहितात ते मला येत नाही, आणि मला नुसतं दुःख सांगायचंही नाही. गेल्या कापसाच्या दिवसांत माझं घर रिकामं झालं, आणि त्याच दिवसांत आमच्या गावानं एक गोष्ट अशी केली की आजही आठवली की माझी छाती फुगते. दोन्ही एकाच वावरात उगवलं. एक सांगताना दुसरं मुळासकट वर येणारच.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, बाजार सोनाळ्याचा. वावराच्या पुढच्या अंगाला मी वांगी-मिरची लावतो, मागच्या अंगाला कपाशी. कापूस वेचायला बाया येतात. प्रत्येक बाई दोन-तीन तासं, म्हणजे ओळी, धरून पुढं सरकते, तिला पात म्हणतात. एकीची पात, तिला लागून दुसरीची, तिला लागून तिसरीची. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधलेली, हात दोन्ही बाजूंना चालत असतात आणि तोंड त्याहून जास्त. कोणाची सून कशी, कोणाच्या म्हशीनं काय केलं, सारं पातीत कळतं. एकच पाण्याचा गडवा या टोकाकडून त्या टोकाकडं फिरतो. उन्हात तापलेल्या कापसाला गोधडीचा वास येतो. त्या वासात दिवसभर बोलत राहिलेली बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा थकलेली असते, पण रिकामी नसते.

बुढी दुसऱ्यांच्या वावरातही वेचायला जायची. घरी आली की मी एकच विचारायचो, "आज पातीले कोन होतं?" मग ती चूल पेटवता पेटवता सांगायची. उजव्या अंगाला कोण, डाव्या अंगाला कोण, कोण काय म्हणाली, कोण रडली. मला त्यातल्या निम्म्या बाया माहीत नव्हत्या. तरी विचारायचो. ती सांगते आणि भाकर थापते, एवढं मला पुरायचं.

तिच्या पातीच्या उजव्या अंगाला बहुतेक सुरमी असायची. सुरमी पारधी बेड्यातली. गावाच्या उत्तरेला सरकारी पडीक जमीन आहे, आम्ही तिला ई-क्लास म्हणतो. तिथं पाल्याच्या आणि पत्र्याच्या झोपड्या आहेत, तो बेडा. त्या लोकांना गाव कामाला बोलावतं, पण पाणी वरून ओततं. कोणाची सायकल हरवली तर आधी बेड्याकडं बघतं, मग आपल्या गोठ्यात बघतं, आणि सायकल गोठ्यात सापडते. सुरमी विशीतली, कडेवर तान्हं पोर. पोराला धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत झोळीत टाकून ती पात धरायची. बुढीनं तिला एकदा आमच्या घरचं आंबाडीचं बेसन दिलं होतं. तेव्हापासून ती बुढीला काकू म्हणे.

बुढीचा खोकला पोळ्याला सुरू झाला. मी म्हटलं मिरचीची धसक असेल. कापूस सुरू झाला तेव्हा म्हटलं कापसाची धूळ असेल. तीही तेच म्हणायची. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तोवर तिच्या अंगावरची चोळी सैल झाली होती. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण पौष लागला आणि ती गेली. चितेपासून लांब, नाल्याच्या काठावर, बेड्यातल्या बाया रांगेनं उभ्या होत्या. जवळ कोणी आली नाही. सुरमीनं पोराचं तोंड पदरात दाबून धरलं होतं.

चार दिवसांनी उपकेंद्राची सिस्टर घरी आली. हिवरा आश्रमाकडची तरणी पोरगी, स्कूटीवर फिरते, बोलायला गोड आणि कामाला चिवट. तिनं समजावून सांगितलं की हा रोग श्वासातून जातो, म्हणून बुढीच्या जवळ जे जे होते त्या सगळ्यांना तपासायचं, ज्याच्यात निघेल त्याला गोळ्या द्यायच्या, बाकीच्यांनाही रोग लागू नये म्हणून गोळी द्यायची.

"घरात सोबत कोण होतं, आजोबा?"

"मी."

"आणखी?"

"पोरगी देऊळगाव राजाले दिली. आखरीले आली होती."

माझा बेडका घेतला, फोटो काढला. फुप्फुस स्वच्छ. पोरीचं पण स्वच्छ. सिस्टर म्हणाली, झालं. मी म्हणालो, "झालं कसं? बुढी घरात झोपाले येत होती. राह्यली ती वावरात."

तिनं मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाली, "बेड्यात गेले होते मी. तिथं कोणीच काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. बेड्यात चूल पेटलेली, कोंबड्या, कुत्री, थंडीत उघडी पोरं. सिस्टर एकेकीला विचारत होती, अगदी प्रेमानं. "ताई, पार्वताबाईंच्या सोबत कोण कोण होतं?"

मैना म्हणून एक बाई, ती म्हणाली, "मी तं नव्हतीच तिथं."

सुरमी म्हणाली, "कोनी नाई. मी एकलीच होती."

"पार्वताबाईंना ओळखता ना?"

"नाई."

माझं डोकं फिरलं. जिनं माझ्या बुढीच्या हातचं खाल्लं, जी नाल्यावर उभी राहून रडली, ती माझ्यासमोर म्हणते नाही ओळखत. मी बोलणारच होतो. तेवढ्यात झोपडीच्या दारात बसलेली एक म्हातारी आपल्या पायाकडं बघत म्हणाली, "बाई, तू चांगली दिसते म्हणून सांगतो. सोबत कोन होतं, हे आम्हाले ठान्यातले इचारतात. मांगं माह्या लेकाले इचारलं. त्यानं ज्याचं नाव घेतलं त्याले नेलं. मंग माह्या लेकालेबी नेलं. आमच्या इथं लेकरू बोलाले लागलं का आधी हेच शिकवतो आमी. सोबत कोन होतं? कोनी नाई."

सिस्टरच्या हातातली पिशवी खाली आली. तिचा प्रश्न चांगला होता, मनही चांगलं होतं. पण शब्द ठाण्यातले निघाले, त्याला ती तरी काय करणार.

मी तिथं एका दगडावर टेकलो. पाय दुखत होते. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात रोग नव्हता की तपासणी नव्हती. इतक्या दिवसांत मला कोणी संध्याकाळची हकीकत सांगितली नव्हती, तेवढंच होतं. मी सुरमीला म्हणालो, "सुरमे, आखरीच्या दिवशी पातीले कोन होतं वं? बुढीनं त्या दिवशी सांगतलंच नाई. आली तशी झोपली."

सुरमीनं माझ्याकडं पाहिलं. चुलीत काटकी सारली. आणि सांगायला लागली.

"काकू मंदातल्या पातीले होती. उजव्या अंगाले मी. डाव्याले मैना."

मैना म्हणाली, "मी होती न. माह्या पलीकडं सरपंचाची माय."

"थे कुठं? थे तं कोपऱ्याले होती."

"न्याहारीनंतर आली न इकडं, काकूच्या गोष्टी आयकाले."

मग दोघी भांडायलाच लागल्या, कोण कोणाच्या शेजारी होती यावरून. म्हातारीनं मध्येच तिसरं नाव घातलं. सुरमी म्हणाली, "दुपारून काकू बसली तासात. खोकली खोकली अन् मले म्हने, तू होय पुळं. मी तिची पात बी येचली, अन् माह्या ओटीतला कापूस तिच्या ओटीत टाकला. वजनात कमी नको पडाले म्हातारी."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तिला आणायला गेलो तेव्हा काट्यावर बुढीचा कापूस नेहमीसारखाच भरला होता. मी म्हटलंही होतं, बुढे, तुझ्यात दम आहे अजून. ती हसली होती.

सिस्टर हळूच म्हणाली, "आणि पाणी?"

"एकाच गडव्याचं." सुरमी म्हणाली, आणि खोकली. तोंड वळवून, पदर घेऊन, दबलेलं. पण मी त्या खोकल्याच्या शेजारी झोपलो आहे. मला वेगळं सांगायला नको. झोळीतलं पोर त्या आवाजानं जागं झालं आणि सुरमीनं त्याला छातीशी घेतलं. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. एक बाई मी नुकतीच जाळून आलो होतो. दुसरी समोर बसून पोराला पाजत होती.

परत येताना सिस्टर म्हणाली की तालुक्याला सुरमी येणार नाही. रोजी बुडते, आणि सरकारी दाराची भीती. फोटो काढायची गाडी सरकारची आहे, गोळ्या फुकट आहेत, पण घर नंबर नसलेली वस्ती यादीत बसत नाही. घरोघर विचारायला आणि गोळ्यांवर लक्ष ठेवायला बेड्यातल्याच बाया रोजानं लावल्या, बुडालेली रोजी भरून दिली, अंडी-शेंगदाणे दिले, तर हे काम होईल. त्यासाठी जिल्ह्याचा निधी मिळू शकतो, पण गावानं आपल्या निधीतून हिस्सा घातला पाहिजे, तसा ठराव झाला पाहिजे.

"ठराव कधी?"

"झेंड्याच्या दिवशी ग्रामसभा आहे."

२६ जानेवारीला सकाळी झेंडा झाला, जिलेबी झाली, आणि शाळेच्या वऱ्हांड्यात सभा बसली. आमचा सरपंच तरणा पोरगा आहे, मनानं वाईट नाही, पण ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडं झुकतो. मोठा आवाज बाबारावचा. बाबाराव माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला गावच्या वेशीवर कमान पाहिजे होती.

"सोनाळ्याहून येनाऱ्याले समजतच नाई गाव कुठं सुरू होते," तो म्हणाला. "निधी आला का पह्यली कमान."

सिस्टरनं तिचं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "रोग आला त्याइच्यातूनच. गावाचा पैसा त्याइच्यावर कायले?"

मी उठलो. सभेत मी कधी बोललो नव्हतो.

"माही बुढी पोळ्याले खोकत होती," मी म्हणालो. "तवा बेड्यातली एकबी बाई माह्या वावरात आली नव्हती. मंग कोनापासून कोनाले गेला? मले नाई माहीत. डाक्टरलेबी नाई माहीत. गेला असन तं माह्या घरातून तिकडं गेला असन. आता काढता का मले गावाबाहीर?"

"तुले कोन काढते बे," बाबाराव म्हणाला.

"मंग त्याइले कोन काढते बे?"

तो टोपी झटकायला लागला. मी म्हणालो, "कमान बांध बाबाराव. चांगली उंच बांध. मंग तिच्या खालून सारं गाव खोकत खोकत जाऊ. येनाऱ्याले लांबूनच समजन गाव कुठं सुरू होते."

लोक हसले. बाबारावही हसला, पण खाली मान घालून. तरी हसण्यानं ठराव होत नाही. सरपंच इकडं तिकडं बघत होता. तेवढ्यात बायांच्या रांगेतून त्याची माय उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"मीबी त्याच पातीले होती," ती म्हणाली. "मैनेच्या बाजूले. गडव्याचं पानी मीबी पेली. मले पाह्याचं असन तं सुरमीलेबी पाहा. आमची पात एकच होती."

आणि हात वर केला. तिच्या मागं एकेक हात वर आला. कापूस वेचणारे हात, नखांच्या कडा बोंडांनी फाटलेले. पुरुषांचे हात नंतर आले, बघून बघून. आपलीच माय उभी असल्यावर सरपंच तरी काय करतो. शेवटी बाबारावचा हात वर आला, अर्धा.

कोणीतरी म्हणालं, "बेड्यातल्या बाया हे काम सेवा म्हणून करतील न, फुकट?"

सरपंचाची मायच म्हणाली, "तू करतं का फुकट?"

शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बेड्यातले चार-सहाजण उभे होते. सरपंच स्वतः उठून फाटकापर्यंत गेला आणि म्हणाला, आत या, बसा. पायरीवर नाही बसवलं. सतरंजीवर. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बुढी असती तर संध्याकाळी मी सांगितलं असतं आणि ती भाकर थापायची थांबली असती.

गाडी आली. पांढरी, मोठी, आत फोटोचं यंत्र. आधी बेड्यात उभी राहिली, मग गावात. बेड्यातली पोरं तिच्या चाकांना हात लावून बघत होती. मैना आणि सुरमीची नणंद, दोघी रोजावर. त्या कोणालाही 'सोबत कोण' असं विचारत नव्हत्या. पातीले कोण होतं, एवढंच. आणि नावं अशी निघाली की या वावरातून त्या वावरात, या गल्लीतून त्या गल्लीत. ज्यांना पात नाही त्या बाप्यांना मैना विचारायची, पारावर बाजूले कोन बसते? बाबाराव रांगेत उभा राहून म्हणाला, "माहा फोटो साजरा काढजा, भिंतीले लावतो." आतला पोरगा म्हणाला, आजोबा, श्वास रोखा. यानं इतका रोखला की तोंड जांभळं झालं.

सुरमीला टीबी निघाला. वेळेत निघाला, असं डॉक्टर म्हणाला. तिच्या पोराला गोळी सुरू केली, त्याला काही झालं नव्हतं. बेड्यात आणखी निघाले, आणि गावातही निघाले, एक तर चांगल्या मोठ्या माडीच्या घरात. त्या घरात मैना रोज गोळी घेतली का बघायला जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिला अंगणात उभं ठेवलं. होळीपर्यंत ती ओट्यावर बसून चहा पीत होती आणि मालकाला दरडावत होती, "गिळा. माह्यासमोर गिळा. गालात नोका ठेवू."

उन्हाळा गोळ्यांचा गेला. सुरमी पहिल्याच आठवड्यात धावत सिस्टरकडं आली, म्हणाली, रगत जाऊन राह्यलं बाई, लालभडक. सिस्टर हसली. गोळीचा रंग असतो तो लघवीला. बुढीलाही झालं होतं तसं आणि आम्ही दोघं रात्रभर घाबरून बसलो होतो. सुरमीनं मला विचारलं, "काका, वांगं चालते का खाल्लेलं?" मी म्हणालो माझ्या वावरातलं चालते, दुसऱ्याचं नाही. वैशाखात तिच्या गालाची हाडं झाकली गेली. पाऊस पडून पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली तेव्हा तिचा शेवटचा बेडका स्वच्छ निघाला. त्या दिवशी ती नाल्यापलीकडून ओरडत आली, "काकाऽ, सुटली मी!" जेलातून सुटल्यासारखं म्हणाली. इतक्या लांबून ओरडली आणि एकदाही खोकली नाही. मी गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो.

यंदा कापूस फुटला तेव्हा मी बुढीची ओटी खुंटीवरून काढली. वर्षभर तशीच होती, तिच्यात सरकीचे दोन दाणे होते. ते मी खिशात घातले. ओटी कमरेला बांधली आणि मधली पात धरली. बाया हसून हसून तासात बसल्या. "काका, गाठ उलटी बांधली," मैना म्हणाली. बाप्या माणसानं ओटी बांधून वेचणं आमच्याकडं कोणी पाहिलं नव्हतं. पाहा म्हटलं.

परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. फाटकाची कडी वाजली. सुरमी. खांद्याला पिशवी, पायात चप्पल, केस विंचरलेले. नणंद बाळंतपणाला गेली, म्हणून पंचायतीनं यंदा सुरमीला रोजावर घेतलं आहे. निधी यंदाही आला. या वेळी तो मागताना कोणी कमानीचं नाव काढलं नाही.

"काका, वर्ष होत आलं. तुमाले पुन्हा तपासा लागते," ती म्हणाली. बसली. घसा साफ केला, सिस्टर करते तसा. "आता जे लेखी हाये तेच इचारतो. घरात सोबत कोन राह्यते?"

मी आत बघितलं. चूल थंड होती.

"कोनी नाई," मी म्हणालो.

सुरमीनं पिशवी बाजूला सारली.

"आमच्या बेड्यासारखं नोका बोलू काका. बरं, हे राहू द्या. आज पातीले कोन होतं ते सांगा."

कित्येक वर्षं मी विचारलेला प्रश्न. मला तो कोणी विचारला नव्हता.

"उजव्या अंगाले तू होती," मी म्हणालो.

"मंग?"

"डाव्याले मैना. तिच्या पलीकडं सरपंचाची माय. मैनेनं तिले सुनेवरून चिडवलं. तुहं पोट्टं धुऱ्यावरून दुडदुडत आलं अन् माह्या ओटीतला कापूस उपसून बसलं." मी सांगत गेलो. कोण काय म्हणाली, गडवा कोणी सांडला, बाबाराव रस्त्यावरून काय ओरडून गेला. बाहेर दिवे लागले तरी सांगत होतो.

"अन् मंदातल्या पातीले?"

"मी. बुढीच्या पातीत."

"पाहा बरं," सुरमी म्हणाली. "अन् म्हनता कोनी नाई." तिनं पिशवीतून झाकणाची डबी काढून माझ्या हातात दिली. "आता खोका यात. दमानं, खोलातून."

मी छाती भरून घेतली आणि खोकायला गेलो. खोकला काही आला नाही. हसूच आलं, एवढं मोठं, की नाल्यापलीकडच्या बेड्यात कुत्री भुंकायला लागली.